वाचकांचे प्रश्न : हॉवरला पॉवर जास्त का लागते?

या अंकासाठी आलेल्या बऱ्याच पत्रांतली तक्रार एकच आहे. हेलिकॉप्टर जागेवर तरंगतं (यालाच हॉवर म्हणतात), पण त्यासाठी पूर्वीपेक्षा जास्त जोर लागतो. खरं हेलिकॉप्टर असो की छंदाचं, शोध घेण्याची रीत सारखीच आहे, म्हणून ही पत्रं एकत्र घेतली. खऱ्या हेलिकॉप्टरवरचं प्रत्येक काम त्याच्या मेंटेनन्स मॅन्युअलप्रमाणे आणि लायसन्सधारक एएमईच्या (विमान देखभाल इंजिनिअरच्या) सहीनेच व्हायला हवं. कुठे पाहायचं आणि कोणत्या क्रमाने, एवढंच इथे सांगितलं आहे.

प्रश्न : मी एएमईचं शिक्षण घेतोय आणि एका छोट्या कंपनीत उमेदवारी करतोय. आमच्याकडे कार्बुरेटरवाल्या पिस्टन इंजिनाचं चार आसनी हेलिकॉप्टर आहे. जानेवारीत ते २२ इंच मॅनिफोल्ड प्रेशरवर (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला दाब, पाऱ्याच्या इंचांत) हॉवर करायचं. आता मे महिन्यात तेवढ्याच वजनाला २५ इंच लागतात. सिनियर म्हणतात, नागपूरचं ऊन आहे, चालायचंच. पायलट साहेब म्हणतात, पाती गेली. कार्बुरेटर उघडायचं घाटतंय. सुरुवात कुठून करावी?
— प्रशिक्षणार्थी, सोमलवाडा

उत्तर : कार्बुरेटर तूर्त बंदच राहू द्या. आधी त्या ३ इंचांचा हिशेब मांडा, कारण त्यातला मोठा भाग बिघाड नसण्याची शक्यता आहे.

उन्हाचा वाटा किती, हे मोजता येतं. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची उंची सुमारे ३१५ मीटर. जानेवारीच्या सकाळी १२ अंश आणि क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये) १०१६ धरला, तर हवेची घनता घनमीटरला साधारण १.१९ किलो येते. मेच्या दुपारी ४५ अंश आणि क्यूएनएच १००० धरला, तर ती १.०५ च्या आसपास उतरते. म्हणजे हवा १२ टक्के विरळ. डेन्सिटी अल्टिट्यूडच्या, म्हणजे हवा जितकी विरळ तितक्या उंचीच्या भाषेत तेच धावपट्टीवर उभं राहून ८०० फुटांवरून ५३०० फुटांवर जाणं झालं.

विरळ हवेत रोटर खूप जास्त पॉवर मागतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो निम्माच खरा आहे. पत्रात मॉडेल दिलेलं नाही, म्हणून आर-४४ या चार आसनी हेलिकॉप्टरचे आकडे घेऊ: कमाल वजन १०८९ किलो, रोटरचा व्यास १०.०६ मीटर. हवा खाली ढकलण्यासाठी लागणारी इंड्यूस्ड पॉवर घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, त्यामुळे इथे ती सुमारे १२३ वरून १३१ अश्वशक्तीवर जाते. पण पाती नुसती हवेतून ओढण्याची प्रोफाइल पॉवर, जी ५० अश्वशक्तीच्या घरात असते, ती घनतेबरोबर कमीही होते. बेरीज-वजाबाकी केली की रोटरची मागणी जेमतेम एक-दीड टक्का वाढलेली दिसते.

खरा फटका इंजिनाला बसतो. तेवढ्याच मॅनिफोल्ड प्रेशरला गरम हवेचं वस्तुमान कमी भरतं, म्हणून तीच अश्वशक्ती काढायला गेज वर न्यावं लागतं. याचा पुरावा तुमच्या कॉकपिटमध्येच आहे. मॅनिफोल्ड प्रेशरच्या मर्यादेचा तक्ता पाहा, बाहेरचं तापमान वाढलं की मर्यादाही वाढलेली दिसेल. जानेवारीच्या आणि आजच्या परिस्थितीचे दोन आकडे त्या तक्त्यातून काढा आणि वजाबाकी करा. इंजिनाच्या खात्यातला उन्हाचा हिस्सा तोच. त्यात रोटरची किंचित वाढ मिळवली की सव्वा ते दीड इंच होतात.

उरले दीड इंच. हे शोधायला पाना हातात घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. बहुतेक वेळा घोळ इथेच असतो.

पहिली, वारा. दहा नॉटचा समोरचा वारा असला की याच यंत्राची इंड्यूस्ड पॉवर सुमारे दहा टक्क्यांनी घटते, म्हणजे गेजवर जवळजवळ इंचभर कमी. जानेवारीतला तो २२ चा आकडा वाऱ्यात घेतला होता का? लॉगबुकात वाऱ्याची नोंद नसेल तर त्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

दुसरी, उंची. स्किड (खालच्या घसरपट्ट्या) जमिनीपासून २ फुटांवर आणि ५ फुटांवर, यांत ग्राउंड इफेक्टमुळे (जमिनीजवळ हॉवरला कमी पॉवर पुरते) अर्धा इंच सहज इकडेतिकडे होतो. काँक्रीटवरचं हॉवर आणि उंच गवतावरचं हॉवर एकसारखं नसतं. गवतात ग्राउंड इफेक्ट विरतो.

तिसरी, वजन. 'तेवढंच वजन' म्हणजे काट्यावर मोजलेलं, की प्रवाशांना विचारून लिहिलेलं? वीस किलो जास्त म्हणजे पाव ते अर्धा इंच. अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) लिटरला ०.७२ किलो धरा. डिक्कीत कायमचे राहिलेले तेलाचे डबे, टो-व्हील्स, कव्हरं, सगळं काट्यावर ठेवा.

आता पहाटे, वारा पडलेला असताना, वजन मोजून, काँक्रीटवर, स्किड २ फुटांवर ठेवून हॉवर करायला सांगा. मॅनिफोल्ड प्रेशर, इंजिन आणि रोटर दोन्हींचे आरपीएम, बाहेरचं तापमान, प्रेशर अल्टिट्यूड (दाबावरून काढलेली उंची) आणि कार्बुरेटरचं तापमान लिहून घ्या. तक्त्याने दुरुस्ती केल्यावरही इंचापेक्षा जास्त फरक उरला, तरच बिघाड आहे असं धरून पुढे चला.

पुढची पायरी गेजची. इंजिन बंद असताना मॅनिफोल्ड प्रेशर गेजने बाहेरचा दाब दाखवला पाहिजे, आणि नागपुरात तो २९.९२ कधीच नसतो. क्यूएनएचमधून ३७ हेक्टोपास्कल वजा करा आणि ३३.८६ ने भागा. क्यूएनएच १००० असेल तर २८.४ इंच यायला हवेत. मात्र इथे गेज बरोबर आलं म्हणून गाफील राहू नका. गेजकडे जाणाऱ्या नळीला बारीक गळती असेल तर इंजिन बंद असताना ती कळत नाही. इंजिन चालू झालं की बाहेरची हवा आत शिरते आणि गेज खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. पॉवर नॉर्मल, आकडा जास्त! हातपंपाने नळीत व्हॅक्यूम ओढा, गेज २० इंचांवर आणा, पंप बंद करा आणि मिनिटभर काटा पाहा. तो वर सरकला तर गळती आहे. बहुधा जोडणीचं रबर कडक होऊन चिरलेलं असतं, तिथून सुरुवात करा.

मग टॅकोमीटर (आरपीएमचं गेज). प्रोफाइल पॉवर आरपीएमच्या घनाने वाढते. गेज १०२ टक्के दाखवतंय आणि रोटर खरा १०५ वर फिरतोय, असं असेल तर चार-पाच अश्वशक्ती फुकट जातात. ऑप्टिकल टॅकोने पडताळा करा.

गेज निर्दोष ठरली, तर प्रश्न उरतो की रोटर जास्त मागतोय की इंजिन कमी देतंय. याचा निवाडा करणारी चाचणी म्हणजे ऑटोरोटेशन आरपीएम, म्हणजे इंजिनाची पॉवर न देता खाली उतरताना रोटर किती वेगाने फिरतो ते. इंजिन बाजूला पडतं आणि रोटर एकटा किती मोकळा फिरतो ते दिसतं. कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारी दांडी) पूर्ण खाली, मॅन्युअलमध्ये दिलेला वेग, आणि आलेला आरपीएम वजन व डेन्सिटी अल्टिट्यूडच्या तक्त्याशी ताडून पाहायचा. ही चाचणी अनुभवी पायलटनेच, पुरेशा उंचीवर, मॅन्युअलप्रमाणे करायची. आरपीएम तक्त्याप्रमाणे आला तर रोटर सुटला, इंजिनाकडे वळा. कमी आला तर पिच लिंकची (पात्याचा कोन ठरवणाऱ्या जोडदांडीची) लांबी नोंदवहीशी जुळवा. लिंक बदलल्या नसतील तर पात्यांचा ड्रॅग वाढला आहे.

पिच लिंकबद्दल एक गैरसमज इथेच दूर करू. लिंक चुकीच्या लावल्या म्हणून हॉवरला जास्त पॉवर लागते, असं नाही. हॉवरला पात्यांना जो कोन हवा तो हवाच. लिंक बदलली की कलेक्टिव्हची दांडी वर किंवा खाली येते, एवढंच. थ्रॉटलशी असलेला तिचा मेळ बिघडतो आणि ऑटोरोटेशनचा आरपीएम हलतो. म्हणून 'पॉवर कमी व्हावी' या हेतूने लिंक फिरवणाऱ्याला थांबवा.

इंजिनाकडे वळल्यावर क्रम असा ठेवा: आधी हवा, मग ठिणगी, मग कॉम्प्रेशन. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. उन्हाळ्यात विदर्भातल्या कच्च्या हेलिपॅडवर उतरणाऱ्या यंत्राचा फिल्टर वेळापत्रकाच्या आधीच भरतो. मग कार्ब हीट, म्हणजे कार्बुरेटरला गरम हवा देणारी झडप. नॉब आत ढकललेला असूनही केबल सैल असल्यामुळे झडप अर्धवट उघडी राहते आणि एक्झॉस्टवरून तापलेली हवा इंजिनात जाते. हे ओळखणं सोपं आहे. कार्ब हीट बंद असताना, पेट्रोलच्या बाष्पीभवनामुळे कार्बुरेटरचं तापमान बाहेरच्यापेक्षा कमी असायला हवं. ते बाहेरच्याइतकं किंवा जास्त दिसलं तर झडप गळते आहे. तुमच्या पत्रातली लक्षणं पाहता मला पहिला संशय हिचाच येतो.

इनटेक पाइपच्या जोडांवर निळसर डाग दिसतात का पाहा. १००एलएल (हेच ते विमानाचं पेट्रोल) निळ्या रंगाचं असतं आणि गळतीच्या जागी डाग सोडतं. मॅग्नेटोची (ठिणगी देणाऱ्या यंत्रणेची) तपासणी ७५ टक्के आरपीएमवर करा. २ सेकंदांत ७ टक्क्यांपेक्षा जास्त घट नको. घट चालेल इतकीच आहे पण इंजिन खडबडतं, तर प्लग काढून त्यांची काजळी आणि गॅप पाहा. टायमिंग डेटा प्लेटवर लिहिलेल्या अंशांशीच जुळवा, आठवणीने नाही. कॉम्प्रेशन इंजिन गरम असताना ८० पीएसआय देऊन मोजा. ७० च्या वर ठीक. ६० च्या खाली, किंवा सिलिंडरांमध्ये १०-१५ चा फरक आला, तर कान लावा. फुसफुस एक्झॉस्टमधून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या नळीतून येत असेल तर रिंगा, इनटेकमधून येत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह. मफलर हाताने ठोकून पाहायला विसरू नका. आतला पत्रा सुटून वाट अडवत असेल तर खुळखुळतो.

थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर कार्बुरेटरवरचा आर्म स्टॉपला टेकतो का, हेही पाहा. न टेकणारा थ्रॉटल हॉवरला त्रास देत नाही, पण ज्या दिवशी पूर्ण पॉवर लागेल त्या दिवशी कमी पडतो.

इंजिन आणि रोटरच्या मध्ये ड्राइव्ह आहे. बेल्ट घसरत असतील तर इंजिनाचा काटा रोटरच्या काट्यापुढे जातो आणि बेल्टांच्या आसपास रबराची काळी भुकटी साचते. बेअरिंग आणि गिअरबॉक्सवरच्या तापमान पट्ट्या वाचा. ज्या पट्टीचा नवा चौकोन काळा झाला, तिथे अश्वशक्ती उष्णता होऊन जाते आहे.

रोटरच दोषी ठरला तर पात्यांच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवा. धुळीने रंग उडून कडा खरखरीत झाली असेल, किडे चिकटून वाळले असतील, ट्रिम टॅब वाकला असेल, तर ड्रॅग वाढतो. सौम्य साबण आणि पाण्याने हाताने धुवा. प्रेशर जेट नको, पाणी जोडात शिरतं. धुऊन पुन्हा हॉवर घेतलं आणि आकडा उतरला, तर खर्च साबणाचा. रंग उडून धातू उघडा पडला असेल, तर पॉवरचा विषय मागे ठेवा आणि पात्याच्या वरच्या पत्र्याचा जोड सुटलाय का, हे नाणं वाजवून मॅन्युअलप्रमाणे तपासा. ट्रॅकिंग (सगळी पाती एकाच पातळीत फिरणं) बिघडलेलं असलं की यंत्र थरथरतं, पण एकट्या त्यामुळे इंचभर पॉवर खाल्ली जात नाही.

शेपटीचा रोटर हॉवरमध्ये एकूण पॉवरच्या दहा टक्क्यांच्या आसपास घेतो. त्याचीही पाती धुवा. रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या यंत्रात डावं पेडल जास्त दाबून ठेवावं लागत असेल, तर रिगिंग (पेडलपासून पात्यांपर्यंतच्या जोडण्यांची मांडणी) तपासायला हवं.

प्रश्न : आमच्या टर्बाइन हेलिकॉप्टरला हॉवरमध्ये टॉर्क पूर्वीइतकाच लागतो, पण टीओटी (टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान) वीस-तीस अंश जास्त येतं. यालाही 'जास्त पॉवर लागते' असंच म्हणायचं का?
— वाचक, वर्धा रोड

उत्तर : नाही. टर्बाइनवाले एका बाबतीत भाग्यवान आहेत. पिस्टनच्या यंत्रात मागणी आणि पुरवठा एकाच गेजवर मिसळलेले असतात, तुमच्याकडे ते वेगळे दिसतात. टॉर्क म्हणजे रोटरने घेतलेलं काम. टीओटी आणि एन१ (कॉम्प्रेसरचा वेग) म्हणजे ते काम करायला इंजिनाला पडलेले कष्ट. टॉर्क आणि टीओटी दोन्ही चढले तर वजन, हवा किंवा रोटर. टॉर्क तसाच राहून टीओटी चढलं तर रोटर निर्दोष, इंजिन थकलंय, किंवा टीओटी खोटं बोलतंय.

आधी तुलना योग्य आहे का पाहा. तेवढ्याच टॉर्कला उन्हाळ्यात टीओटी चढतंच. म्हणून मॅन्युअलमधला पॉवर अ‍ॅश्युरन्स तक्ता वापरा, त्यात तापमान आणि उंची धरलेली असते. तक्त्यापेक्षा वाईट आलं तर पहिला संशय ब्लीड हवेवर घ्या. अँटी-आइसची झडप पूर्ण बंद होत नाही, ब्लीड व्हॉल्व्ह उघडा अडकला, केबिन हीटरची नळी गळते, यांतल्या कुठल्याही कारणाने कॉम्प्रेसरने दाबलेली हवा कामाला न येता बाहेर जाते. अँटी-आइस मुद्दाम चालू करून पाहा. टीओटी नेहमीसारखं उडी मारत नसेल, तर झडप आधीच उघडी असण्याची शक्यता मोठी.

मग कॉम्प्रेसर वॉश. पूर्ण थंड झालेलं इंजिन, इग्निशनचा ब्रेकर ओढलेला, स्टार्टरवर फिरवत फवारा, आणि स्टार्टरच्या विश्रांतीच्या वेळा मॅन्युअलप्रमाणे. नंतर इंजिन चालवून वाळवायचं. धुऊन टीओटी उतरलं तर धूळ होती. नाही उतरलं तर पात्यांची कडा झिजली असावी, आणि झीज धुऊन जात नाही. थर्मोकपल (टीओटी मोजणारा सेन्सर) आणि त्याच्या हार्नेसचा रोध मोजणं शेवटी ठेवतात. खरं तर ते स्वस्त काम आहे, आधी करायला हरकत नाही.

प्रश्न : सेकंडहँड रिमोटचं हेलिकॉप्टर घेतलं आहे. ४५० साइज, ३२५ मिमीची पाती, ३एस (तीन सेलची) २२०० एमएएच बॅटरी, वजन ८५० ग्रॅम. स्टिक तीन चतुर्थांशाच्या वर गेल्याशिवाय उठत नाही आणि चार मिनिटांत मोटर हात लावू देत नाही. नवी, मोठी मोटर घ्यावी का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : मोटर घेऊ नका. एक वॉटमीटर घ्या, मोटरपेक्षा बराच स्वस्त पडतो. बॅटरी आणि ईएससीच्या (मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटच्या) मध्ये लावा. या साइजच्या निरोगी यंत्राला हॉवरमध्ये साधारण १० ते १२ अ‍ॅम्पियर लागतात. तुमचा आकडा १६-१८ आला तर यंत्रात कुठेतरी ओढ आहे किंवा पिच (पात्यांचा कोन) चुकलेला आहे. आकडा नॉर्मल आणि तरी स्टिक वर, तर थ्रॉटलची सेटिंग किंवा बॅटरी पाहायची.

करंट जास्त आहे असं धरू. मोटरच्या तीनपैकी दोन वायर काढा, आणि मगच पिचला हात लावा. पाती लावलेली असताना मोटर जोडून पिच मोजणं हा बोटं गमावण्याचा मार्ग आहे. स्टिक मध्यावर असताना पिच गेजवर ० अंश यायला हवा. हॉवर ५ ते ६ अंशांवर व्हायला हवं. सेकंडहँड यंत्रात आधीच्या मालकाने लिंक कशाही लावलेल्या असतात, आणि हॉवरलाच ९-१० अंश पिच मागितला जातो. हेडस्पीड (रोटरचा वेग) कमी पडला की पिच वाढवावा लागतो, पिच वाढला की हेडस्पीड आणखी पडतो. हे चक्र पिनियनपाशी (मोटरच्या छोट्या गिअरपाशी) तोडायचं. मोटर ३५०० केव्ही (म्हणजे व्होल्टला ३५०० आरपीएम), पिनियन १३ दाती, मुख्य गिअर १५० दाती असेल तर ३५०० × ११.१ × १३ ÷ १५० म्हणजे सुमारे ३३५० आरपीएम. ओझ्याखाली यातून १५ ते २० टक्के वजा करा. तुमच्याकडे ११ दाती पिनियन निघालं तर तोच आकडा ओझ्याखाली २३०० च्या आसपास येतो. हॉवरला तो चालतो, पण थ्रॉटल कर्व्ह ७० टक्क्यांवर ठेवलेला असेल तर चालत नाही. हेडस्पीड अंदाजाने ठरवू नका, ऑप्टिकल टॅकोने मोजा.

ओढ शोधायची तर पिनियन सोडवा आणि मुख्य गिअर बोटाने टिचकी मारून फिरवा. सहज काही फेरे झाले पाहिजेत. अडखळला तर शेपटीचा बेल्ट सैल करून पुन्हा टिचकी मारा. सर्रास आढळणारी चूक म्हणजे ताणून बसवलेला बेल्ट. मग मुख्य शाफ्टची बेअरिंग पाहा. एक क्रॅश झालेलं यंत्र असेल तर शाफ्ट काचेवर लोळवून वाकलाय का बघा. पिनियन परत बसवताना दोन्ही गिअरांमध्ये साध्या वहीच्या कागदाची एक पट्टी घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा, पट्टी फिरवून काढा. तेवढी फट पुरते. पाती उलटी बसवलेली नाहीत ना, हेही पाहा. हसू नका, जाड गोल कडा पुढे असायला हवी, आणि घाईत ती मागे गेलेली दिसते.

बॅटरीचं म्हणाल तर पूर्ण चार्ज १२.६ व्होल्ट असते, आणि हॉवरमध्ये ती १०.५ च्या खाली बसत असेल तर ती गेली. चार्जरवर अंतर्गत रोध दिसतो. सेलला २० मिलिओहमच्या वर गेलेली २२०० ची बॅटरी हेलिकॉप्टरच्या कामाची नाही. उन्हात उभ्या गाडीत लिपो (ही लिथियम-पॉलिमर बॅटरी) ठेवू नका. साठवायची तर सेलला ३.८ व्होल्टवर, घरात थंड जागी. हे सगळं नीट लागल्यावरही मेच्या दुपारी मोटर तापेल, तेव्हा चार मिनिटांनी उतरवा.

आणखी एक. विमानतळ शहराला लागून आहे, त्यामुळे उडवण्याआधी सरकारच्या 'डिजिटल स्काय' या ड्रोनच्या नकाशावर आपलं मैदान कोणत्या झोनमध्ये येतं ते बघा.

प्रश्न : नागपूरहून चिखलदऱ्याला चार जणांना घेऊन हेलिकॉप्टर आलं, पण परत जाताना दोघांना गाडीने पाठवलं. बिघाड होता का?
— शिक्षक, परतवाडा

उत्तर : बिघाडाची गरज नाही. चिखलदरा सुमारे १११८ मीटरवर आहे. तिथे ३८ अंश तापमान असेल तर डेन्सिटी अल्टिट्यूड साडेसात हजार फुटांच्या घरात जाते. येताना यंत्र वेगात होतं, आणि वेगात हॉवरपेक्षा बरीच कमी पॉवर लागते. शिवाय वाटेत इंधन जळून वजन घटलेलं. निघताना मात्र हॉवर करूनच उठायचं, तेही दरीकाठच्या जागेत, जिथे कठडा ओलांडताच ग्राउंड इफेक्ट संपतो. पायलटने तक्ता उघडून ग्राउंड इफेक्टबाहेरच्या हॉवरचं वजन पाहिलं असेल आणि दोघांना उतरवलं असेल. बरोबर केलं.

प्रश्न : पावसाळ्यात हवा जड होते, मग लिफ्ट वाढून पॉवर कमी लागायला नको का?
— वाचक, महाल

उत्तर : दमट हवा अंगाला जड वाटते, पण कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलका. नागपूरच्या जुलैत दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असला तर घनता एखाद-सव्वा टक्का घटते. रोटरला ते जाणवत नाही. पिस्टन इंजिनाला जाणवतं, कारण वाफ ऑक्सिजनची जागा घेते आणि तीन टक्क्यांच्या आसपास पॉवर जाते. तरी मेच्या दुपारपेक्षा जुलै बराच परवडतो, तापमान पंधरा अंशांनी उतरलेलं असतं.

पावसाळ्यात खरी भीती कार्बुरेटरमधल्या बर्फाची. बाहेर २५-२६ अंश आणि दमट हवा असली तरी पॉवर कमी केल्यावर आत बर्फ धरतो. गव्हर्नर असलेल्या यंत्रात तो लवकर कळत नाही. आरपीएम पडू नये म्हणून गव्हर्नर स्वतःच थ्रॉटल उघडत राहतो आणि पायलटला सगळं सुरळीत दिसतं. म्हणून उतरण्यापूर्वी पॉवर कमी करतानाच कार्ब हीट लावायची, आणि कार्बुरेटरच्या तापमानाचा काटा पिवळ्या पट्ट्याबाहेर ठेवायचा.